ग्रीसचे खांब, पांढुर्ण्याचा पत्ता

पांढुर्णा,
रविवार, ३ ऑगस्ट १९८६

चि. मंगला हिला मामाचा भरघोस जय भीम.

तुझ्या आईला सांग, भावाचं बरं चाललं आहे. गुडघा सोडून सगळं जागेवर आहे. यमुना काळजी करत बसते, म्हणून हे आधी लिहिलं.

सोबत नवं कार्ड पाठवून राहिलो. एक्केचाळिसावं. या वेळी ग्रीसच्या आपल्या यानिसभाऊनं समुद्राच्या कड्यावरचं पडकं देऊळ धाडलं आहे. पांढरे खांब, वर छप्पर नाही, मागं निळंशार पाणी. पोस्टमननं रिवाजाप्रमाणं आधी सगळ्या मोहल्ल्याला दाखवलं आणि मग मला दिलं. तुझी मामी म्हणाली, "पुन्हा पडकंच धाडलं? त्याच्या गावात एक धड घर नाही काय?" तीन वर्षं झाली, मी शांताबाईला समजावतो आहे की बाई, हे अडीच हजार वर्षांपूर्वीचं आहे. त्यावर तिचं म्हणणं, "आपली न्हाणी दोन वर्षांत पडली, थिचाबी फोटू धाडा त्याले." मी हात जोडले.

इंग्रजी तू वाच आणि मराठीत लिहून कार्डासोबत परत पाठव. घाई कर, कारण रुळावरचे गँगवाले रोज विचारतात. तिगावच्या पुढं आमचं खडी भरायचं काम चालू आहे. जेवणाच्या सुट्टीत मी कार्ड वाचून दाखवतो. परवा एकजण म्हणाला, "हिरामण, त्या दगडात तुले काय भेटते?" मी म्हटलं, मिलिंद राजा तिकडचा. एवढा मोठा राजा, पण भन्ते नागसेनांपुढं बसला आणि प्रश्नावर प्रश्न विचारले. पटलं तेव्हाच मान तुकवली. असा विचारणारा माणूस ज्या गावात जन्मला, त्या गावाचे खांब तरी पाहावे की नाही? तो कार्ड हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिला.

तुझा मामा,
हिरामण


सौंसर,
१० ऑगस्ट १९८६

तीर्थरूप मामांना मंगलाचा आदराचा जय भीम.

कार्ड वाचलं. यानिस लिहितो: "प्रिय हिरामण, हे समुद्राच्या देवाचं देऊळ. सुट्टीत बायकोला घेऊन गेलो होतो. आमच्या कामावर एक पडलेला दगड आम्ही पुन्हा खांबावर चढवला. दोन महिने लागले. तुझ्या रुळाखाली कोणता दगड असतो?" एवढंच. पुढं जागा संपली म्हणून सही आडवी केली आहे.

दोन महिन्यांत एक दगड! तुमच्या साहेबाला सांगू नका, नाहीतर तो यानिसची बदली तिगावला करून घेईल.

मामा, नागपूरला कॉलेजात असताना एका मासिकातल्या पत्रमैत्रीच्या यादीतून हा पत्ता मी माझ्यासाठी उतरवला होता, आठवतं? 'पडक्या देवळांची दुरुस्ती करणारा गवंडी' एवढंच त्याच्याबद्दल लिहिलं होतं. तुम्ही ग्रीस हा शब्द ऐकला आणि पत्ताच हिसकावलात. मला वाटलं, दोन कार्डं येतील आणि थांबतील. आता माझ्याच वर्गातल्या मुली विचारतात, "बाई, तुमच्या मामाचं नवीन कार्ड आलं का?"

म्हणूनच एक मागणं आहे. डिसेंबरात आमच्या शाळेला पंचवीस वर्षं होतात. मोठं प्रदर्शन भरणार आहे. मी हेडमास्तर विनायक सरांना तुमच्या कार्डांबद्दल सांगितलं. ते खूश झाले, म्हणाले, जिल्ह्यात कोणत्याच शाळेत असं काही नसेल. सगळी कार्डं पाठवाल का? तुम्हाला तर माहीत आहे, माझी नेमणूक अजून कच्ची आहे. एप्रिलमध्ये पक्की करायची की नाही ते ठरेल. माझ्या हातून काही चांगलं झालं तर बरंच.

आई म्हणते, गुडघ्याला तिळाचं तेल लावा आणि सायकल कमी करा.

तुमची,
मंगला


पांढुर्णा,
१७ ऑगस्ट १९८६

चि. मंगला हिला जय भीम.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. शांताबाईला दोन वेळा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "देऊ नका, हरवतीन." ज्या बाईला तीन वर्षं कार्डांची किंमत नव्हती, ती म्हणते देऊ नका! मग मी ठरवलं, द्यायची.

आमच्या गँगमधला गुणवंता मोहगावला घरी जाणार आहे, तोच सौंसरला उतरून तुझ्या हातात देईल. डबा बिस्किटाचा आहे, पण आत मेणकापड घातलं आहे. दोन अटी आहेत. पहिली: गोंद लावायचा नाही, भोक पाडायचं नाही. कार्ड जसं आलं तसं परत आलं पाहिजे.

दुसरी अट मोठी आहे. पाटीवर लिहायचं: 'संग्रह: हिरामण सोनबाजी बागडे, गँगमन, पांढुर्णा.' हुद्दा गाळायचा नाही. तुला वाटेल, मामाला म्हातारपणी नावाची हौस सुटली. सुटली तर सुटली. रेल्वेत लागायच्या आधी मी ठेकेदाराकडं होतो. एका नाल्यावर आम्ही बारा जणांनी पूल बांधला, दोन उन्हाळे लागले. त्या पुलावर पाटी आहे. तिच्यावर ज्याचं नाव आहे तो माणूस एकदा आला होता, चहा पिऊन गेला. मी तिथून जातो तेव्हा अजून ती पाटी वाचतो आणि अजून मला राग येतो. आपल्या बापजाद्यांनी काय थोडं बांधलं? पण कुठं कोणाचं नाव दिसतं का, सांग. यानिस कुठला कोण, तो मला नावानं लिहितो. श्री. हिरामण बागडे. मग सौंसरला का नको?

एवढं कर. बाकी तुला काय मांडायचं तसं मांड.

मामा


सौंसर,
८ डिसेंबर १९८६

तीर्थरूप मामांना जय भीम.

काल प्रदर्शन उघडलं. निळ्या कापडाचा मोठा फळा केला आहे. कार्डांना भोक न पाडता चारही कडांना टाचण्या लावून ती अडकवली आहेत. गोंदाचा थेंब नाही. मधोमध अथेन्सचं मोठं देऊळ, बाजूला कोरिंथचे सात खांब, खाली डेल्फीचं गोल अंगण. लोक येतात आणि सगळ्यात जास्त वेळ तिथंच उभे राहतात. पाहुणे म्हणाले, अशी चित्रं आम्ही फक्त पुस्तकात पाहिली होती.

विनायक सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.

तुम्ही येण्याची दगदग करू नका मामा. थंडी फार आहे, बसची गर्दी आहे आणि गुडघा दुखतो म्हणता. प्रदर्शन एकवीस तारखेपर्यंत आहे. नंतर मीच डबा घेऊन पांढुर्ण्याला येते आणि सगळं सविस्तर सांगते.

यानिसचं बेचाळिसावं आलं का? या वेळी फारच दिवस लागले. आलं असेल तर पाठवा.

तुमची,
मंगला


पांढुर्णा,
रविवार, १४ डिसेंबर १९८६

मंगला,

तू लिहिलंस येऊ नका, म्हणून मी आलो नाही. पण गुणवंताला कोणी अडवलं नव्हतं. तो मोहगावहून परत येताना शाळेत गेला. शुक्रवारी कामावर आला तो सरळ माझ्याकडं. म्हणाला, "हिरामण, तुहं नाव कुठंच नाही ना बाप्पा. मी दोनदा पाहून आलो."

पाटीवर काय आहे ते त्यानं सिगारेटच्या पाकिटावर उतरवून आणलं आहे. 'शाळेच्या संग्रहातून. मार्गदर्शक: श्रीकांत सर, इतिहास विभाग.' मी तो कागद खिशात ठेवला आणि कामाला लागलो.

शाळेचा संग्रह? प्रत्येक कार्डामागं मी यानिसला एक पत्र धाडलं. मराठीत मी लिहिलं, इंग्रजीत तू केलंस. परदेशच्या तिकिटासाठी मी बिडी सोडली, हे तुझ्या मामीला विचार. त्यातलं शाळेनं काय केलं? फळ्याला कापड लावलं.

आणखी एक. गुणवंतानं त्या श्रीकांत सरांना विचारलं, हे मिलिंद राजाच्या गावचे फोटो ना? सर हसले म्हणे. बाकीच्यांना बोलावून सांगितलं, ऐका, हा काय म्हणतो. मिलिंद काबूलकडं जन्मला आणि त्यानं राज्य पंजाबात केलं, अथेन्सशी त्याचा काही संबंध नाही. गुणवंता बिचारा मान खाली घालून बाहेर आला.

आधी मलाही लागलं. गँगमध्ये मी किती जणांना छातीठोक सांगितलं होतं! मग रुळाच्या कडेला बसून विचार केला आणि मला हसू आलं. म्हणजे मिलिंदानंही हे खांब पाहिले नसतील. मीही पाहिले नाहीत. त्याचे आजे-पणजे तिकडचे असतील, तो इकडचाच. मग तर तो मला आणखी जवळचा वाटतो. सरांना सांग, हिरामण बागडे चुकला, कबूल. काल गँगमध्येही मी उभं राहून सांगितलं, आपलं चुकलं. आता सरांनी त्यांच्या पाटीची चूक कबूल करावी. कार्डं मी मिलिंदासाठी गोळा करायला लागलो होतो, हे खरं. पण आता ती यानिसची आहेत आणि माझी आहेत.

तुझ्यावर माझा राग आहे. खोटं कशाला बोलू? दुसऱ्या कोणी नाव गाळलं असतं तर मी शिवी देऊन मोकळा झालो असतो. तू गाळलंस आणि वर लिहिलंस की थंडी फार आहे.

नाव लाव, नाहीतर कार्डं उतरव.

हिरामण


सौंसर,
१७ डिसेंबर १९८६

मामा,

तुमचं पत्र आईनं आधी उघडलं. वाचून तिनं माझ्यासमोर ठेवलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मला जेवायलाही हाक मारली नाही.

मी पाटी तुम्ही सांगितली तशीच लिहिली होती. माझ्या हातानं, निळ्या शाईनं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी विनायक सरांनी ती काढली. म्हणाले, "मंगलाबाई, गँगमन लिहिलं तर पाहुण्यांना वाटेल शाळेनं कुठूनही काहीही गोळा केलं. आणि आडनाव वाचलं की लोक विषय भलतीकडं नेतात. मोठ्या मनानं घ्या." मोठं मन नेहमी आपणच करायचं. मी गप्प बसले. एप्रिल डोळ्यांसमोर होता. मग तुम्हाला ते पत्र लिहिलं. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं आणि पत्र खोटं होतं. मला माझीच लाज वाटते.

दुसरंही सांगून टाकते. मिलिंद अथेन्सचा नव्हता हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे. बी.एड.च्या वेळी वाचलं होतं. तुमचा आनंद जाईल म्हणून बोलले नाही. तुम्ही इतक्या सहज पचवाल हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तुम्हाला मी लहान मूल समजले, त्याचीही माफी मागते.

आज हेडमास्तरांना भेटले. पाटी बदला म्हटलं. म्हणाले, आता शनिवारी छिंदवाड्याहून शिक्षण अधिकारी येणार, आता काही हलवायचं नाही. कार्डं उतरवू का विचारलं, तर म्हणाले, "उतरवलीत तर उद्यापासून येऊ नका." म्हणजे पाटी त्यांची, फळा त्यांचा आणि कार्डं उतरवायचीही सोय नाही.

शनिवारपर्यंत मला वेळ द्या. काय करणार ते विचारू नका. विचारलंत तर मी भिईन.

मंगला


सौंसर,
सोमवार, २२ डिसेंबर १९८६

तीर्थरूप मामांना जय भीम.

शनिवारी मी आठ वाजताच शाळेत गेले. दादाराव शिपायाकडून हॉलची किल्ली मागितली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि काही न विचारता दार उघडलं. मी पाटीला हात लावला नाही. एकही कार्ड उतरवलं नाही. फक्त टाचण्या काढून एकेक कार्ड उलटं केलं आणि पुन्हा तिथंच लावलं.

मामा, तुम्ही ती पाठमोरी एका ठिकाणी कधी पाहिली नसतील. एक्केचाळीस वेळा तुमचं नाव. यानिसच्या त्या मोठ्या, कोरल्यासारख्या अक्षरांत: श्री. हिरामण बागडे, गँगमन, रेल्वे, पांढुर्णा, मध्य प्रदेश, भारत. शाई कुठं निळी, कुठं काळी. वर परदेशची तिकिटं, पोस्टाचे शिक्के. आणि वरच्या बाजूला पाटी तशीच: 'शाळेच्या संग्रहातून.' दादाराव टाचण्यांची वाटी धरून उभे होते. त्यांनी एक कार्ड वाचलं, दुसरं वाचलं, मग म्हणाले, "बाई, आता झाली जत्रा."

अकराला अधिकारी आले. सोबत विनायक सर, श्रीकांत सर, गावातली चार मोठी माणसं. सर दारातूनच सांगत होते, आता आमचा ग्रीसचा संग्रह पाहा. जवळ आले आणि थांबले. अधिकारी चष्मा लावून वाचू लागले. पहिली ओळ पूर्ण वाचली, दुसरी वाचली. मग विचारलं, "हे हिरामण बागडे कोण?"

मी पुढं झाले. मी म्हटलं, "माझे मामा. पांढुर्ण्याला गँगमन आहेत. तीन वर्षं पत्रव्यवहार करून त्यांनी ही कार्डं मिळवली. शाळेनं ती मागून आणली आहेत."

अधिकाऱ्यांनी पाटी वाचली. पुन्हा फळ्याकडं पाहिलं. एका कार्डाच्या टाचण्या काढून चित्र पाहिलं, आणि कार्ड परत लावलं ते उलटंच, मी लावलं होतं तसं. मग पुढच्या टेबलाकडं गेले. त्यांनी काही करावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

दुपारी विनायक सरांनी मला खोलीत बोलावून सांगितलं: एक जानेवारीपासून येऊ नका. मी म्हटलं, लेखी द्या. सर म्हणाले, मिळेल. मी कार्डं मागितली, तर ती कपाटात घालून कुलूप लावलं. म्हणाले, "ती तुमच्या हातात देणार नाही. ज्याची आहेत म्हणता, त्यानं यावं, सही करावी आणि न्यावीत." त्यांना वाटतं, गँगमन शाळेच्या ऑफिसात यायला धजणार नाही.

मामा, रडले नाही. आईनं त्या रात्री मला स्वतः वाढलं. मी शनिवारी छिंदवाड्याला जाते आहे, तिथल्या कार्यालयात अर्ज द्यायला. वर्षाच्या मध्ये असं काढता येत नाही, असं माझी मैत्रीण पुष्पा म्हणते. तिच्याकडेच आठ-दहा दिवस राहीन, तिकडं पत्र टाका. नोकरी मिळो न मिळो, भांडल्याशिवाय सोडणार नाही.

माफ केलंत का, तेवढं लिहा.

तुमची,
मंगला


पांढुर्णा,
रविवार, २८ डिसेंबर १९८६

चि. मंगला हिला मामाचा जय भीम.

माफीचं आधी: केली. तू कार्ड उलटं केलंस त्या दिवशीच केली, फक्त मला कळलं उशिरा. तुझं पत्र मी गँगमध्ये मोठ्यानं वाचलं. गुणवंतानं अर्ध्यातच टोपी उडवली, ती मालगाडीखाली गेली.

काल मी रजा टाकली आणि सौंसरला गेलो. शांताबाईनं लग्नातला कोट काढला होता. मी म्हटलं, नको. रेल्वेचा निळा सदरा घातला, बिल्ला लावला. तीच ओळख त्यांना नको होती ना, मग तीच दाखवू.

फाटकावर दादाराव डबा घेऊन उभे होते. म्हणाले, सरांनी इथंच द्यायला सांगितलं, कागदावर सही करा. मी म्हटलं, "फाटकावर भीक घेतेत दादाराव. मी माही वस्तू घ्याले आलो." आणि आत गेलो. विनायक सर खुर्चीत होते. बसा म्हणाले नाहीत, पण समोर खुर्ची होती, मी बसलो. एक्केचाळीस कार्डं टेबलावर काढून एकेक मोजली. सगळी होती, कोपरेही शाबूत. तुझ्या टाचण्यांचं काम चांगलं.

मग त्यांनी कागद पुढं केला. लिहिलं होतं: 'शाळेच्या संग्रहातील ४१ चित्रकार्डे परत मिळाली.' खाली सहीची जागा.

मी म्हटलं, "सर, शाळेच्या संग्रहातले हायेत, तं मी कसा नेऊ? थे तं चोरी होईन ना."

ते म्हणाले, "बागडे, शब्दांत काय आहे? सही करा आणि घेऊन जा."

"शब्दात काही नाही, तं मंग बदलून टाका."

श्रीकांत सर बाजूच्या टेबलावर होते. त्यांनी वहीत डोकं घातलं. विनायक सर म्हणाले, दुसरा कागद नाही. मी पिशवीतून कोरा कागद काढून दिला, घरून घेऊनच गेलो होतो. ते म्हणाले, तुम्हीच लिहा मग. मी म्हटलं, "नाही सर. देणाऱ्यानं लिहा लागते." माझी शेवटची बस पाचची होती, तेव्हा दीड वाजला होता. मला काही घाई नाही, असं मी त्यांना सांगितलं आणि हाताची घडी घातली.

मंगला, पाऊण तास झाला. दोघं-तिघं मास्तर येऊन पाहून गेले. शेवटी सरांनी पेन उघडलं. मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. 'श्री. हिरामण सोनबाजी बागडे' इथपर्यंत आले आणि म्हणाले, हुद्द्याची गरज नाही. मी म्हटलं, "गरज हाय. यानिस तीन वर्सापासून लिहून राहिला. तुम्ही एक डाव लिहा." त्यांनी लिहिलं. गँगमन, पांढुर्णा, यांच्या मालकीची ४१ चित्रकार्डे शाळेने मागून आणली होती, ती त्यांना परत दिली. तारीख टाकली. शाळेचा शिक्का मारला.

मी तो कागद उभा राहून दोन वेळा वाचला. मग सही केली.

तुझा मामा,
हिरामण